सरबताला कुणी किती मीठ घातलं

"येताना बाटल्यांचे दोन खोके घेऊन येतो, तुम्ही कशाला त्रास घेता," असं विहीणबाई फोनवर म्हणाल्या आणि तिथेच ठिणगी पडली. त्या बिचाऱ्या सरळ मनाने म्हणाल्या होत्या. लग्न ठरल्यावर दोन्हीकडची माणसं पहिल्यांदाच एकत्र बसणार, ऊन असं तापलेलं, काहीतरी थंड लागणारच. पण फोन नेमका आत्याने उचलला होता. सोडावॉटरच्या कारखान्यात चव तपासनीस म्हणून तिची सगळी नोकरी गेली. तिने चमचा तोंडात घालून "जाऊ दे" म्हटल्याशिवाय तिथे एका बाटलीला बूच लागत नसे. त्या बाईच्या भाचीच्या कार्याला विकतच्या बाटल्या!

"आमच्याकडे विकतचं पीत नाहीत," आत्या म्हणाली. "लिंबू-आल्याचं सरबत मी स्वतः करणार आहे."

फोन ठेवला आणि तिला दरदरून घाम फुटला. हिवाळ्यातल्या त्या तापानंतर तिच्या जिभेला कशाची म्हणून चव लागत नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्याने ते असं काही झाकून ठेवलं होतं की तिचं तिलाच नवल वाटे. पानावर बसली की ती आधी दुसऱ्यांची तोंडं बघायची. भावाच्या कपाळाला आठी पडली की "आज हात सुटलाय मिठाचा" म्हणायची आणि बाकीच्यांपैकी कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं की "छान जमलंय" म्हणायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ किती दिवस झाकून ठेवणार? भाजीच्या पातेल्यापासून सरबताच्या पिंपापर्यंत तिच्या "जाऊ दे"शिवाय या घरात झाकण निघत नव्हतं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या भावाकडे ती निवृत्त होऊन एक पेटी घेऊन राहायला आली, तेव्हापासून हीच रीत होती. घड्याळजी कमावत होता, थोरली वहिनी स्वयंपाकघर सांभाळत होती, भाची दवाखान्यात नर्स होती. आणि आत्या चव बघत होती. ते काम हातून गेलं की आपण कोण? खाऊन बसून राहणारी एक म्हातारी. हा विचार मनात आला की तिला रात्रीची झोप लागत नसे.

विहीणबाई यायच्या दिवशी सकाळीच मागच्या पडवीत तिने दुकान मांडलं. तोटीचं मोठं स्टीलचं पिंप स्टुलावर चढवलं. लिंबं तळहाताखाली घोळून मऊ केली, अर्धी कापली आणि हलक्या हाताने पिळली, कारण साल दाबली की कडवटपणा उतरतो. आलं किसून फडक्यातून गाळलं. पुदिना वाटला नाही, नुसता हाताने चुरगाळला, वाटलेला पुदिना काळा पडतो. साखरेचा पाक आदल्या दिवशीच करून निववला होता. सोडा पिंपात ओतायचा नाही, पेल्यात वरून घालायचा, म्हणजे बुडबुडे टिकतात. या सगळ्याला जीभ लागत नाही. हात लागतो, आणि हात तिचा अजून पक्का होता.

मीठ मात्र तिने आठवणीने घातलं आणि घाबरून थोडं कमीच घातलं. मग चमचा तोंडात फिरवला, डोळे मिटले, कारखान्यात मिटायची तसेच, आणि म्हणाली, "जाऊ दे."

थोरली दारात उभी होती. "झालं, वन्सं?"

"झालं. आता कुणी हात लावायचा नाही. मी जरा आवरून येते."

पुढचं आत्याला मागाहून कळलं, पण आपण आताच बघून घ्यायला हरकत नाही. आत्याची पाठ वळली तशी थोरलीने तोटी सोडून घोटभर चाखलं. अळणी. हल्ली आत्याच्या हातचं सगळंच अळणी होत होतं, पण बोलणार कोण? वय झालं, असं थोरलीने स्वतःशी ठरवून टाकलं होतं. आज मात्र विहीणबाई येणार. वन्संची नाचक्की नको म्हणून तिने इकडेतिकडे बघत चांगलं मूठभर मीठ आत सोडलं, जेमतेम ढवळलं आणि अळीमिळी गुपचिळी स्वयंपाकघरात निघून गेली. मीठ अजून तळाशीच होतं, इतक्यात घड्याळजी आला. त्याने वरचं चाखलं. ताईची लाज राखायला हवी, असं त्यालाही वाटलं. मग आला पाहुणा. पाहुणा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, लांबच्या बसवरचा ड्रायव्हर, जो घरी इतका कमी असायचा की बायकोसुद्धा त्याला पाहुणाच म्हणायची. त्याने तर चाखलंही नाही. गेल्या खेपेला सरबत अळणी होतं, तेव्हा आजही असणार, असा त्याचा हिशेब. शेवटी नवरीमुलगी, नर्सबाई. तिने चमचा मोजून घातला, तिची तेवढीच शिस्त. एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या कानावर एक शब्द गेला असता तरी निभावलं असतं. पण प्रेमाने केलेली गोष्ट ही माणसं चोरीसारखी करत.

आत्या आवरून आली तेव्हा सगळे पडवीत जमले होते आणि प्रत्येकाच्या तोंडावर भलतंच समाधान होतं. तेवढ्यात धाकटी जाऊ आत आली. पाहुण्याची बायको. फ्रीज कुणाच्या वाट्याला यावा यावरून दोन्ही जावांचं वाजलं होतं आणि चुली वेगळ्या झाल्या होत्या, तेव्हापासून धाकटी आणि थोरली एकमेकींशी थेट बोलत नसत. मध्ये कुणीतरी लागे.

"वन्सं," धाकटी म्हणाली, "तुमच्या वहिनीला सांगा, बर्फ आणलाय मी. पोत्यात गुंडाळून ठेवलाय."

"तिला सांगा, ऐकलं मी," थोरली म्हणाली.

"एवढ्या उन्हातून आलेय. एक पेला मिळेल का कुणाकडून?"

घड्याळजीनेच तोटी सोडली. धाकटीने मोठा घोट घेतला. तिचे डोळे पिंपावर गेले, मग छताकडे, मग पुन्हा पिंपावर. गिळायला तिला वेळ लागला.

"वन्सं, हे तुम्ही चाखलंत?"

"चाखलं तर. जाऊ दे म्हटलंय मी."

"परत चाखा."

आत्या सावध झाली. धाकटी आणि तिची चवीवरून जुनी तेढ होती. धाकटी लग्न होऊन आली त्या आठवड्यातच म्हणाली होती की, सरबत घसा खरवडतं. तेव्हापासून दोघी एकमेकींच्या पेल्यावर टपलेल्या. आज ती काय पकडायला बघतेय? आत्याने चमचा भरला, जिभेवर फिरवला. पाणी. नुसतं पाणी, चवीचं नाव नाही. तिने नेहमीसारखं भोवतालच्या तोंडांकडे पाहिलं. पण आज ती तोंडं वाचता येईनात. धाकटीने डोळे बारीक केले होते. बाकीचे चौघेही खालमानेने, चोरासारखे उभे होते, जो तो आपापल्या चमच्याच्या काळजीत. डोळे बारीक म्हणजे आंबट, आत्याने ठरवलं.

"जरासं आंबट झालंय खरं," ती ठामपणे म्हणाली, "पण उन्हात आंबटच बरं."

 नर्सबाईने पुढे होऊन पेल्यातलं बोटाला लावून चाटलं आणि तिचं तोंड वाकडं झालं. मग ती आत्याजवळ आली. दवाखान्यात पेशंटशी बोलावं तशा आवाजात तिने विचारलं, "आत्या, यात आंबट काय आहे?"

आत्याने चमचा खाली ठेवला. आता काही झाकण्यात अर्थ नव्हता. एकदम तिला फार थकल्यासारखं वाटलं, आणि थोडं सुटल्यासारखंही.

"कळत नाही गं मला. काहीच कळत नाही. तो ताप आला होता ना, तेव्हापासून. वासही नाही आणि चवही नाही."

"इतके महिने? आणि मी घरात नर्स असून मला सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, आत्या, तू आता आराम कर. मला आराम नको होता."  ती नाकाशी पदर नेत म्हणाली, "आता तरी सांगा, आंबट नाही तर काय झालंय?"

"खारट," धाकटी म्हणाली. "समुद्र झालाय, वन्सं. मासे तेवढे सोडायचे राहिलेत."

"असं कसं होईल? मी मीठ भीत भीत घातलं होतं."

थोरली एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. "मी घातलं थोडं. तुम्ही आत गेल्यावर."

"तू?" घड्याळजी दचकून म्हणाला. "अगं, मीपण घातलं!"

"दादा, तू कशाला?" पाहुणा म्हणाला. "मी घातलंच होतं की!"

सगळे नर्सबाईकडे बघायला लागले. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. "मी चमचा लेव्हल करून घातलं," ती म्हणाली.

पहिली हसली ती धाकटी. पोट धरून पायरीवरच बसली. मग पाहुणा हसला, मग नर्सबाई. थोरलीने हसू दाबायचा प्रयत्न केला आणि ते नाकातून बाहेर आलं. आत्या मात्र हसली नाही.

"मी जाऊ दे म्हटल्यावर मीठ घातलंत," ती म्हणाली. "चौघांनी. म्हणजे माझ्या शब्दाला किंमत नाही हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं."

"तसं नाही, ताई," घड्याळजी घाईने म्हणाला. "हल्ली जरा अळणी होतं, एवढंच."

"हल्लीच का?" धाकटी पायरीवरून म्हणाली. एवढं एक सोडलं तर तिच्या तोंडात तीळ भिजत नसे आणि आज भिजायचं काही कारणही नव्हतं. "आता निघालंच आहे तर सांगते. वन्सं, तुमचं सरबत मी लग्न झाल्यापासून एकदाही तसंच प्यायलेले नाही. मोरीत जाऊन अर्धा पेला पाणी घालते. मला आलं झेपत नाही."

"काय?"

"मला झेपतं, पण गोड कमी पडतं," थोरली चाचरत म्हणाली. "मी ओट्यापाशी साखर घालून घेते."

"मला मीठ," घड्याळजीने मान खाली घातली. "दुकानाच्या खणात पुडी ठेवलेली असते. स्क्रू-ड्रायव्हरने ढवळतो."

"स्क्रू-ड्रायव्हरने!" थोरली किंचाळली.

"पुसून घेतो गं."

आत्या एकेकाकडे बघत राहिली. आधी तिला संताप आला, असा की पिंप लाथेने उडवावं. मग लाज वाटली. इतकी वर्षं ती पेले भरत आली आणि ही सगळी माणसं ते पेले घेऊन मोरीत, ओट्यापाशी, खणापाशी पळत राहिली. धाकटी एकदा बोलली ती सोडली तर एकानेही तोंडावर सांगितलं नाही. भीतीने की मायेने? बहुधा दोन्हींनी. आणि तिनेही कधी कुणाला विचारलं नव्हतं. कारखान्यात लाखो बाटल्यांना एकच चव लागते, तिथे विचारायची सोयच नसते. पण हे घर होतं.

"मग मी या घरात करत काय होते?" तिने विचारलं. विचारताना तिला खरंच उत्तर हवं होतं. "चव बघते म्हणून तर मला इथे मान होता. आता तेही गेलं. तुम्ही मला कशासाठी ठेवायचं?"

घड्याळजी काहीतरी बोलायला गेला आणि सदऱ्याचं बटण फिरवत राहिला. तो घड्याळातले केसाएवढे स्प्रिंग बसवायचा, पण बोलायची वेळ आली की त्याची बोटंच तेवढी हलत. बोलली ती धाकटी.

"म्हणजे काय? मग मी भांडू कुणाशी?" ती उठून उभी राहिली. "हिच्याशी तर मी बोलत नाही. हे महिन्यातून चार दिवस घरी. दादांशी भांडायला गेलं तर ते घड्याळ उघडून बसतात. वन्सं, या घरात तोंडाला तोंड देणारं एकच माणूस आहे. तुमची चव गेली, आवाज गेलाय का?"

"आवाज खणखणीत आहे," थोरली म्हणाली, आणि तिच्या ध्यानात आलं की आपण थेट धाकटीला उत्तर दिलंय. धाकटीच्याही ते ध्यानात आलं. 

"आत्या," नर्सबाई म्हणाली, "उद्या तू माझ्याबरोबर दवाखान्यात येणार आहेस. चव परत येते की नाही ते बघू, पण दाखवायचं."

"मला तर वाटलं होतं, तू लग्न होऊन जाशील आणि..."

"जाईन ना. दोन गल्ल्या पलीकडे. पळून जात नाहीये."

आत्याला रडू आलं. तिने ते येऊ दिलं, तोंड लपवलं नाही. थोरलीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या बाजूने धाकटीने. दोन जावांचे हात एकाच पाठीवर आले ते अपघाताने, पण दोघींपैकी कुणीच काढून घेतला नाही.

तेवढ्यात घड्याळजीचा फोन वाजला. विहीणबाई. निघालो आहोत, अर्ध्या तासात पोचतो.

"अरे देवा, पिंप!" थोरली म्हणाली. "ओतून देऊ का? पण नव्याने करायला तेवढी लिंबं कुठायत?"

"थांब. ओतू नकोस." आत्याने डोळे पुसले आणि बाह्या सरसावल्या. "खारट सरबत म्हणजे काय? मीठच ना ते, पातळ केलेलं. मग मीठ म्हणून वापरा. किती लिंबं उरलीत?"

"डझनभर असतील. संत्री आहेत."

"संत्री पिळा. धाकटे, तू लिंबं. साल दाबायची नाही. थोरले, राहिलेला पाक आण, आणि एक नाही, तीन जग काढ." आत्या आता कारखान्यातल्यासारखी बोलत होती, फरक इतकाच की दर वाक्याला कुणाला तरी विचारत होती. "पिंपातलं वाटीभर घाल पहिल्या जगात. धाकटे, आता तू चाख. कुठे लागतंय?"

"कुठे म्हणजे?" धाकटी गोंधळली.

"जिभेच्या टोकाला की कडेला? गिळल्यावर मागे काय राहतं?"

धाकटीने डोळे मिटले. तिला असं कधी कुणी विचारलंच नव्हतं. "कडेला झिणझिण्या येतात. मागे... मागे काही राहत नाही. येतं आणि जातं."

"मग गोडवा कमी आहे. गोडवा मागे राहतो. थोरले, दोन पळ्या पाक."

"दोन फार होतील," धाकटी म्हणाली.

"तुला फार होतील. हा थोरलीचा जग आहे. तुझा पुढचा, त्यात आलं नाही. घाल नुसती संत्री आणि पुदिना."

धाकटीने पळी थोरलीपुढे धरली. "पाक घे गं." थोरलीने घेतला आणि म्हणाली, "त्या फ्रीजमध्ये पुदिना ठेवलाय, काढ." ज्या फ्रीजवरून चुली फुटल्या, तोच फ्रीज धाकटीने निमूट उघडला आणि पुदिना शोधत आत निम्मी घुसली. घड्याळजीच्या जगात आलं दुप्पट आणि पिंपातल्या दोन वाट्या. तो पहिल्यांदाच बायकोसमोर बिनधास्त चमच्याने ढवळत होता. पाहुण्याला कामाला लावलं बर्फ फोडायला आणि त्याने तो असा फोडला की निम्मा अंगणात उडाला. नर्सबाई पेले पुसत होती आणि मधेच खिडकीतून रस्त्याकडे बघत होती, कारण तिची खरी काळजी सरबत नव्हतीच.

माणसं आली. विहीणबाई दारातच म्हणाल्या, "बाटल्या नाही आणल्या हं, घाबरूनच." चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या बाई त्या, सगळ्यांकडे नंबर काढल्यासारख्या बघत. मांडणी पडवीत होती. तीन जग, शेजारी सोड्याच्या बाटल्या, पेल्यात बर्फ. त्यांनी तिन्ही जगांकडे पाहिलं आणि मग थेट आत्याकडे वळल्या.

"तुमच्याबद्दल फार ऐकलंय. कारखान्यात तुमच्याशिवाय पान हलत नव्हतं म्हणे. तुम्हीच सांगा, यातलं सगळ्यात चांगलं कुठलं?"

थोरलीचा हात ट्रेवर थांबला. घड्याळजीने श्वास रोखला. आत्याला एक शब्द पुरला असता. कुठल्याही जगाकडे बोट दाखवलं असतं तरी विहीणबाईंनी मान डोलवली असती, आणि या घरातल्या एकानेही तिला उघडं पाडलं नसतं. हे तिला त्या क्षणी अगदी पक्कं कळलं. बहुधा म्हणूनच तिने तसं केलं नाही.

"मला विचारू नका," ती म्हणाली. "माझी चव गेली आहे, ताप आला तेव्हापासून. हिला विचारा, आमच्या धाकटीला. या घरात खरं बोलणारी जीभ तिची आहे."

धाकटीचे कान लाल झाले. तिने घसा साफ केला. "आधी तुम्ही सांगा, विहीणबाई. तुम्हाला गोड आवडतं की आंबट? आलं झेपतं का?"

"झेपतं म्हणजे! आल्यासाठी तर मी चहा पिते," विहीणबाई म्हणाल्या. मग आत्याकडे वळून हळूच पुढे बोलल्या, "आमच्या ह्यांचं नाक गेलं होतं दोन वर्षं. काय करपलं तरी कळायचं नाही. घर पेटायचं बाकी राहिलं होतं. तुम्ही निदान सांगितलंत तरी." आणि त्यांनी घड्याळजीच्या जगातला पेला भरून घेतला, एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला.

मग पडवीत एकच गलका झाला. कुणी संत्र्याचं मागत होतं, कुणी दोन जगांचं एकत्र करून बघत होतं. नवरामुलगा लाजत लाजत तिसऱ्यांदा आला. थोरली आणि धाकटी एकाच ट्रेला दोन बाजूंनी धरून फिरत होत्या आणि वाटेत कशावरून तरी थेट भांडत होत्या. आत्या खुर्चीवर बसून ते ऐकत होती.

ट्रे तिच्यापाशी आला. धाकटी वाकली. "वन्सं, तुम्हाला कसं करू?"

हा प्रश्न आत्याला आजवर कुणी केला नव्हता. तिच्या जिभेवर सगळे अवलंबून, मग तिला काय आवडतं हे कोण विचारणार? तिने जरा विचार केला.

"बर्फ भरपूर घाल," ती म्हणाली, "आणि सोडा वरपर्यंत. फेस नाकात गेला पाहिजे."

धाकटीने तसा पेला भरून दिला. आत्याने तो दोन्ही हातांत धरला. चव बघणारं माणूस घोट घेतं आणि थुंकतं, कारखान्याने तिला तेच शिकवलं होतं, आणि घरीही चमच्यापुढे ती कधी गेली नव्हती. आज तिच्या तोंडाकडे कुणीही बघत नव्हतं. गार घोट घशातून खाली गेला, बुडबुडे नाकात फुटले, डोळ्यांत पाणी आलं, आणि आत्या थांबली नाही. तळाशी बर्फ वाजेपर्यंत तिने पेला रिकामा केला.

"धाकटे," तिने हाक मारली, "आणखी आण."